मॉरिशस: साठपैकी साठ जागा एकाच आघाडीला, मग विरोधी पक्ष येतो कुठून?

रानवारा (धागाकर्ता)

१० नोव्हेंबर २०२४ ला मॉरिशसमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा नवीन रामगुलाम आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीने घेतल्या. मते साठ टक्क्यांच्या थोडी वर, जागा मात्र सगळ्या. मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले. उरलेल्या दोन जागा दूरच्या रॉड्रिग्ज बेटाच्या, त्या तिथल्या स्थानिक पक्षाला गेल्या.

देश आकाराने गोव्याच्या निम्म्याहून थोडा मोठा, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पंतप्रधान, मंत्रिमंडळ, सभापती, नामधारी राष्ट्रपती अशी आपल्या ओळखीची संसदीय रचना. पण समोरच्या बाकावर बसायला कोणी उरलेच नाही, तर सरकारला जाब कोण विचारणार?

त्यावर त्यांच्याकडे एक तोड आहे म्हणे: पराभूत उमेदवारांपैकी काहींना 'बेस्ट लूजर' म्हणून सभागृहात घेतात, आणि ते कोणत्या धर्म-समाजाचे हे बघून घेतात. मला हे पटत नाही. उमेदवाराला अर्ज भरतानाच तू कोणत्या समाजाचा हे लिहायला लावणे ही लोकशाहीची थट्टा आहे. जाणकारांनी लिहावे.

चिंचपोकळी_लोकल

पडल्यावरही आमदार! आमच्या वॉर्डातले निम्मे उमेदवार उद्याच विमानाची तिकिटे काढतील.

शमा_वाचक

वाचतेय. बेस्ट लूजर म्हणजे नक्की काय, कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

घटनाप्रेमी

शमाताई, प्रयत्न करतो.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तीन जण निवडून जातात. मतदाराला तीन मते असतात आणि ती तिन्ही द्यावीच लागतात, नाहीतर मतपत्रिका बाद. रॉड्रिग्जचा २१वा मतदारसंघ, तिथे दोन जागा. एकूण निवडून आलेले ६२.

यावर जास्तीत जास्त आठ सभासद बेस्ट लूजर म्हणून येतात. घटनेत चार गट मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे म्हणजे 'जनरल पॉप्युलेशन'. या शेवटच्या गटात क्रिओल (आफ्रिकन आणि मिश्र वंशाचे) आणि फ्रेंच वंशाचे लोक मोडतात. निकाल लागला की निवडणूक आयोग गणित मांडतो. एका गटाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या गटाच्या जागा अधिक एक अशा संख्येने भागायचे. ज्याचा भागाकार सर्वात मोठा, त्या गटावर सर्वात जास्त अन्याय झालेला. मग त्या गटातला, पक्षाच्या तिकिटावर लढून सर्वाधिक टक्के मते मिळवूनही पडलेला उमेदवार आत. पहिल्या चार जागा अशा भरतात, पक्ष कोणता हे न बघता. पुढच्या चार देताना पक्षीय तोलही सांभाळतात, म्हणजे पहिल्या चारांमुळे विजेत्या पक्षाचे जे नुकसान झाले ते भरून निघावे.

आता २०२४ ची गंमत बघा. पुढच्या चार जागा विजेत्या आघाडीच्या पराभूतांना द्यायच्या, पण त्यांचा मुख्य बेटावर एकही उमेदवार पडलेला नाही. त्यामुळे त्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. सभागृह ७० ऐवजी ६६ चे झाले. १९८२ आणि १९९५ मध्येही हेच घडले होते, तेव्हाही ६०-० आणि तेव्हाही ६६.

रानवारा

घटनाप्रेमी, फार छान समजावलेत. पण लोकसंख्या कोणत्या जनगणनेची धरतात?

घटनाप्रेमी

१९७२ ची. त्यानंतर जनगणनेत समाज विचारणे बंद केले. तेव्हा आजचे सभासद १९७२ च्या आकड्यांवरून ठरतात.

रानवारा

पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर! माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

वकीलबाई

रानवारा, घाई करू नका. ही पद्धत आली कशातून तेही पाहायला हवे.

स्वातंत्र्याच्या तोंडावर तिथले अल्पसंख्याक धास्तावलेले होते. बहुसंख्य हिंदू मतदारांच्या देशात, जास्त मते त्याचा विजय या पद्धतीत आपला एकही माणूस निवडून येणार नाही ही त्यांची भीती. अब्दुल रझाक मोहम्मद यांच्या मुस्लिम कमिटी ऑफ अ‍ॅक्शनने संरक्षणाची मागणी लावून धरली. त्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले असते तर देश कायमचा दुभंगला असता. आपल्याला १९०९ च्या स्वतंत्र मुस्लिम मतदारसंघांचा अनुभव आहे, त्यावर मी वेगळे काही लिहायला नको. मॉरिशसने मतदार यादी सर्वांची एकच ठेवली, मते सर्वांनी सर्वांना द्यायची, आणि निकालानंतर जिथे तोल ढळला तिथे तो थोडा सावरायचा. १९६६ मध्ये बॅनवेल आयोगाने या पद्धतीला आजचे रूप दिले.

भीती खोटी नव्हती. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळायचे होते आणि त्याच जानेवारीत राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगली उसळल्या. ब्रिटिश सैन्य आणावे लागले. अशा वातावरणात जन्मलेल्या देशात त्यानंतर सत्ता कायम मतपेटीतूनच बदलली. त्याचे काही श्रेय तरी या पद्धतीला द्यावे लागेल.

आपल्याकडेही लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सभासद नेमायची सोय जानेवारी २०२० पर्यंत होतीच.

दर्यावर्दी

वकीलबाईंशी सहमत. नियम कागदावर विचित्र दिसला तरी तो कशासाठी आहे हे बघावे.

सह्याद्री_पुत्र

मी रानवारांच्या बाजूने. भीती १९६८ ची होती, नियम आजही चालू आहे. ज्याला आपला समाज सांगायचाच नाही त्याने काय करायचे? समाज लिहिला नाही तर उमेदवारी अर्ज बाद होतो. २०१० साली असे शंभरावर अर्ज बाद झाले. काही उमेदवारांनी निषेध म्हणून चिठ्ठ्या टाकून समाज ठरवला होता. माणसाची ओळख चिठ्ठीवर यावी यापेक्षा त्या नियमाबद्दल आणखी काय सांगायचे?

वकीलबाई

हे मात्र खरे आहे आणि कायद्याच्या अंगानेही तिथेच गाडी अडली. 'रेझिस्तांस एक अल्तेर्नातिव' या डाव्या पक्षाच्या लोकांनी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेले. मॉरिशसचे अंतिम अपील अजूनही तिथेच जाते, प्रजासत्ताक होऊनही. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. १९७२ नंतर आकडेच गोळा न करता समाज लिहायची सक्ती करणे मनमानी आहे, असे समितीने २०१२ मध्ये म्हटले. त्यावर २०१४ मध्ये घटनादुरुस्ती झाली, समाज लिहिणे ऐच्छिक केले, पण फक्त त्या एका निवडणुकीपुरते. पुढे सक्ती परत आली.

त्याच पक्षाचे अशोक सुब्रों २०२४ मध्ये विजयी आघाडीतून निवडून येऊन मंत्री झाले आहेत. ज्यांनी हा लढा रस्त्यावर आणि कोर्टात लढला ते आता मंत्रिमंडळात बसतात.

मोकाकर

उशिरा आलो, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी नोकरीनिमित्त मॉरिशसला मोका भागात राहतो. पासपोर्ट भारतीयच आहे, तरी २०२४ ला मतदान केले. राष्ट्रकुलातल्या देशाच्या नागरिकाचे इथे दोन वर्षे वास्तव्य झाले की त्याला मतदार यादीत नाव घालता येते. माझ्या आईला हे फोनवर सांगितले तर तिचा विश्वासच बसेना.

निवडणुकीच्या आधी रस्ते कसे दिसतात सांगतो. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पताका. रामगुलामांच्या मजूर पक्षाच्या लाल, बेरांजेंच्या एमएमएमच्या जांभळ्या, जगन्नाथांच्या एमएसएमच्या नारिंगी. चिन्हे किल्ली, हृदय आणि सूर्य. चौकाचौकांत कार्यकर्त्यांचा अड्डा, त्याला इथे 'बाझ' म्हणतात. पत्र्याचा आडोसा, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठ्या आवाजात गाणी आणि सभेनंतर बिर्याणी. मतदान रविवारी, शाळेत. लांबच लांब मतपत्रिकेवर तीन फुल्या मारायच्या. मोजणी दुसऱ्या दिवशी, हाताने. तो सोमवार अख्खा देश रेडिओला कान लावून बसलेला असतो.

या वेळी वातावरण तापले ते फोन टॅपिंगमुळे. राजकारणी, पत्रकार, वकील यांची संभाषणे एका निनावी खात्यावरून बाहेर यायला लागली. सरकारने मतदानाला दहा दिवस असताना समाजमाध्यमेच बंद केली. इतका गदारोळ झाला की दुसऱ्या दिवशी बंदी उठवावी लागली. माझ्या ऑफिसातले, कधी राजकारण न बोलणारे लोकही त्या दिवशी चिडलेले पाहिले. माझ्या मते ६०-० चा निकाल त्या एका दिवसात पक्का झाला.

चिंचपोकळी_लोकल

बिर्याणीच्या वाक्यावर थांबलो आहे. पुढचे जेवून वाचतो.

शमा_वाचक

मोकाकर, किती छान लिहिलेत! आणि तिथल्या मराठी लोकांचे काय? ते या चार गटांत कुठे बसतात?

मोकाकर

शमाताई, घटनेच्या हिशेबात ते हिंदूंमध्ये. तमीळ, तेलुगू, मराठी सगळे त्याच रकान्यात. प्रत्यक्षात मात्र हे समाज स्वतःला वेगळे मानतात आणि राजकारणही त्यांना वेगळे मोजते. मंत्रिमंडळ बनले की तमीळ कोण, तेलुगू कोण, मराठी कोण हे वर्तमानपत्रे बघतात, आणि आपला माणूस नसेल तर त्या समाजात नाराजी होते. कायद्यात कुठेही न लिहिलेला हा हिशेब बेस्ट लूजरपेक्षाही कडक पाळला जातो.

इथले मराठी म्हणजे १८३४ नंतर ऊसमळ्यांवर करारावर आलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज. घरात इथली क्रिओल भाषा बोलतात, मराठी शाळेत शिकतात. प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमीळ, तेलुगू यांच्यासारखाच मराठीचाही पर्याय आहे. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. काकावेलला विसर्जनाच्या मिरवणुकीत गेलो होतो. ढोलकी, झांजा, झाकरीची गाणी आणि पुढच्या रांगेत तीन वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी एकाच रंगाचे उपरणे घालून. समाज लहान असला तरी तीन-तीन जागांच्या मतदारसंघात काही शे मतांनी तिसरा उमेदवार बदलतो. पुढारी उगाच येत नाहीत.

आजोबा_डोंबिवली

मोकाकर, जियो बेटा. झाकरी म्हणजे आमची जाखडीच की. रत्नागिरीकडे गणपतीत पायात चाळ बांधून नाचतात ती. वाचून बरे वाटले.

सह्याद्री_पुत्र

अवांतर: काकावेल की कास्कावेल?

मोकाकर

लिहितात कास्कावेल. मी ऐकले तसे लिहिले. आता विषयाकडे वळू या.

नंदिनी_के

माझा प्रश्न वेगळा आहे. सगळे गट मोजता, मग बायका कुठे आहेत? स्थानिक निवडणुकीत निदान एक तृतीयांश उमेदवार दुसऱ्या लिंगाचे हवेत असा कायदा त्यांनी २०११ मध्ये केला. राष्ट्रीय सभेसाठी मात्र अशी सक्ती नाही. धर्माचा तोल सांभाळायला एवढे गणित करणाऱ्या देशाने निम्म्या लोकसंख्येसाठी तेवढे कष्ट घेतलेले नाहीत. २०१५ मध्ये अमीना गुरीब-फकीम पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून निवडल्या गेल्या, पण २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या प्रकरणात त्यांना पायउतार व्हावे लागले. आणि राष्ट्रपतीकडे सत्ता असते तरी कुठे?

दर्यावर्दी

नंदिनीताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर. राष्ट्रपतिपदाबद्दल मात्र एक उदाहरण सांगावेसे वाटते. कासम उतीम दहा वर्षे राष्ट्रपती होते. २००२ मध्ये दहशतवादविरोधी विधेयक त्यांच्यापुढे आले. नागरिकांच्या हक्कांवर घाला येतो म्हणून त्यांना सही करायची नव्हती. घटनेप्रमाणे राष्ट्रपती विधेयक एकदाच परत पाठवू शकतो. दुसऱ्यांदा आल्यावर त्यांनी सही न करता राजीनामा दिला. पाठोपाठ उपराष्ट्रपती अंगिडी चेट्टियार यांनीही दिला. शेवटी हंगामी राष्ट्रपती म्हणून सरन्यायाधीशांच्या सहीने कायदा झाला. कायदा थांबला नाही हे खरे, पण सत्ता नसलेल्या पदावरूनही माणूस आपले म्हणणे किती ठाम मांडू शकतो ते त्या वेळी दिसले. मला उतीम यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

सह्याद्री_पुत्र

आणखी एक दुखणे, घराणेशाही. १९६८ पासून आजवर पंतप्रधान किती झाले? शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, बेरांजे, प्रविंद जगन्नाथ. पाच जण. त्यात चार जण दोन घरांतले, बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा. २०१७ च्या जानेवारीत तर वडिलांनी राजीनामा दिला आणि मुलाने खुर्ची घेतली, मधे निवडणूक नाहीच. बेरांजेही २००३ मध्ये पंतप्रधान झाले ते आधीच ठरलेल्या वाटणीनुसार, तीन वर्षे जगन्नाथ आणि दोन वर्षे बेरांजे. एकमेव बिगरहिंदू पंतप्रधान, तोही असा.

आजोबा_डोंबिवली

पुत्रा, घराणी आहेत, पण मतदार त्यांना डोक्यावर बसवून ठेवत नाही हेही बघ. १९८२ ला खुद्द शिवसागर रामगुलाम, देशाचे राष्ट्रपिता, आपल्या मतदारसंघात पडले. १९९५ ला अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान असताना पडले. २०१४ ला नवीन रामगुलाम पंतप्रधान असताना पडले, २०१९ लाही पडले. २०२४ ला प्रविंद. चौघेही कधी ना कधी आपल्या मतदारसंघात आपटलेले. असा देश मला तरी दुसरा माहीत नाही.

आणि सुरुवात एवढी गोड नव्हती. १९७१ च्या शेवटी आणीबाणी लावली, एमएमएमचे नेते तुरुंगात टाकले, ७२ ची निवडणूक ७६ पर्यंत ढकलली. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी मतदानाचे वय १८ वर आणावे लागले. ७६ ला एमएमएम सर्वात मोठा पक्ष झाला, पण सत्ता मजूर पक्षाने दुसऱ्या पक्षाला सोबत घेऊन राखली. मग ८२ ला लोकांनी साठच्या साठ जागा देऊन हिशेब चुकता केला.

रानवारा

आजोबा, तुमच्या या प्रतिसादाने पुन्हा माझ्या मूळ प्रश्नावर आलो. ८२ ला ६०-० झाले, ९५ ला झाले, २०२४ ला झाले. या तिन्ही वेळी विरोधी पक्ष आला कुठून?

घटनाप्रेमी

उत्तर दोन तुकड्यांत आहे.

पहिला तुकडा बेस्ट लूजर. २०२४ मध्ये विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार्ड हे बेस्ट लूजर म्हणूनच सभागृहात आले. ही पद्धत नसती तर मुख्य बेटावरून विरोधकांचा एकही माणूस आत गेला नसता. विरोधी पक्षनेता हे तिथे घटनात्मक पद आहे. मंगळवारी अधिवेशनाच्या सुरुवातीला अर्धा तास त्याचा असतो, एका विषयावर मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारायचे. महत्त्वाच्या नेमणुकांत त्याचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे अल्पसंख्याकांसाठी केलेली सोय या तिन्ही वेळी प्रत्यक्षात विरोधकांच्या कामी आली.

दुसरा तुकडा जास्त मोठा. तिथे खरा विरोधी पक्ष सरकारच्या पोटातून निघतो. १९८२ च्या जूनमध्ये सगळ्या जागा जिंकलेली आघाडी १९८३ च्या मार्चमध्ये फुटली. अर्थमंत्री बेरांजे बाहेर पडले, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांनी एमएसएम हा नवा पक्ष काढला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक. १९९५ च्या आघाडीचेही तेच. १९९७ मध्ये रामगुलामांनी उपपंतप्रधान बेरांजेंना काढले आणि ते विरोधी पक्षनेते झाले. २०२४ ला तीच जोडी परत, एक पंतप्रधान, एक उपपंतप्रधान.

नंदिनी_के

म्हणजे नागरिकांनी आघाडी फुटायची वाट बघायची? आमच्या सोसायटीत कमिटी बिनविरोध आली की पहिले भांडण होईपर्यंत हिशेब कोणी मागत नाही, तसलेच हे. याला पद्धत म्हणता येणार नाही.

वकीलबाई

नंदिनी, बरोबर बोललात. यावर उपाय त्यांच्यापुढे कधीपासून पडून आहे. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने सांगितले की ६२ जागा तशाच ठेवा आणि पक्षांच्या मतांच्या प्रमाणात आणखी ३० द्या. चाळीस टक्के लोकांनी दुसऱ्यांना मते दिली तर ती सभागृहात दिसायला हवीत, एवढी साधी गोष्ट. डिसेंबर २०१८ मध्ये जगन्नाथ सरकारने बेस्ट लूजर काढून प्रमाणशीर जागा आणण्याचे विधेयक मांडले होते, पण त्याला तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि ते जमले नाही. आजच्या सरकारकडे ते बहुमत आहे.

रानवारा, यातून तुमचा आणि माझा वादही मिटतो. प्रमाणशीर जागा आल्या तर अल्पसंख्याकांना आणि विरोधकांना दोघांनाही सभागृहात वाट मिळते आणि अर्जावर समाज लिहायची गरज उरत नाही. पण ती वाट तयार व्हायच्या आधी बेस्ट लूजर काढून टाकायला माझा ठाम विरोध राहील.

रानवारा

वकीलबाई, हे मान्य. समाजाची सक्ती जावी हे माझे म्हणणे कायम आहे, पण आधी प्रमाणशीर जागा, मग बेस्ट लूजरची रजा, हा क्रम मला पटला.

मोकाकर

एक जोडतो. प्रमाणशीर पद्धत इथे चालेल का अशी चर्चा पोर्ट लुईत नेहमी होते, पण ती याच देशात चालू आहे. रॉड्रिग्जला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. सहा विभागांतून प्रत्येकी दोन असे १२ सभासद थेट निवडून येतात आणि बाकीच्या जागा पक्षांना मिळालेल्या एकूण मतांच्या प्रमाणात भरतात. तिथे अर्जावर समाज लिहावा लागत नाही.

शमा_वाचक

मोकाकर, रॉड्रिग्जवर वेगळा धागा काढा ना. तिथे जायला बोट आहे की विमानच?

मोकाकर

दोन्ही आहे. विमानाला दीड तास, बोटीला एक दिवसाहून जास्त. धागा शनिवारी काढतो.